ठगाच्या डोक्यावरचं छप्पर

माझा भाचा आठवीत आहे. मागच्या महिन्यात त्याने मला एक रील दाखवलं. वर्गात सर एका मुलाला झापत असतात, मुलगा शांतपणे एकच वाक्य बोलतो, सगळा वर्ग खो खो हसतो. लगेच वरून एक काळा, चौकटी-चौकटींचा गॉगल तरंगत येतो आणि मुलाच्या डोळ्यांवर बसतो. मागे रॅप वाजतं आणि खाली अक्षरं उमटतात : ‘थग लाइफ’.

आम्ही दोघंही हसलो. मग त्याने विचारलं, "मावशी, थग म्हणजे आपला ठगच ना गं? ठग म्हणजे फसवणारा. मग या पोराने कुणाला फसवलं?"

"अर्थ बदलतात रे शब्दांचे," मी म्हटलं. हे काही उत्तर नव्हतं, आणि त्यालाही ते कळलं. त्याने रीलखालच्या कमेंट वाचायला घेतल्या. एकाने लिहिलं होतं, ‘एक नंबर छपरी’. भाच्याने त्या कमेंटला लाइक ठोकला.

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते, त्यामुळे शब्दांची कुळं उकरायची खोड आहे. त्या रात्री कोश उघडून बसले. ‘थग’पासून सुरुवात केली आणि ‘छपरी’पर्यंत पोचले. मधली वाट इंग्रजीतल्या झाकण्या-लपवण्याच्या शब्दांमधून जाते. ती वाट इथे मांडते आहे, कारण त्या दोन शब्दांमध्ये वाटलं होतं त्यापेक्षा फार जवळचं नातं निघालं.

आधी होतं ते छप्पर

संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि जर्मन-इंग्रजी यांची एक पूर्वज भाषा होती, असं भाषाशास्त्र मानतं. तिचा एकही शिलालेख सापडलेला नाही. लेकींचे चेहरे ताडून आईचा चेहरा काढावा, तसे अभ्यासकांनी तिचे शब्द पुन्हा रचले आहेत. त्यात एक धातू आहे ‘स्तेग’. अर्थ : झाकणे.

या धातूचा गोतावळा बघा. लॅटिनमध्ये त्याचं झालं ‘तेगेरे’, म्हणजे आच्छादणे. त्यातून आलं ‘तेगुला’, म्हणजे छपराचं कौल. त्याचंच इंग्रजीत झालं ‘टाइल’. रोमन लोक अंगाभोवती गुंडाळायचे तो ‘टोगा’ही त्यातलाच. ग्रीकमध्ये ‘स्तेगोस’ म्हणजे छप्पर. १८७७ साली अमेरिकेतल्या मार्श या शास्त्रज्ञाने एका डायनोसॉरला नाव दिलं ‘स्टेगोसॉरस’. त्याच्या पाठीवरच्या तकटा कौलांसारख्या आडव्या बसलेल्या असाव्यात असं मार्शला वाटलं होतं. त्या उभ्या असतात हे नंतर कळलं, पण नाव राहिलं : कौलारू सरडा. जुन्या इंग्रजीत याच धातूतून आलं ‘थॅच’, म्हणजे गवताचं शाकार. डच भाषेतून आला ‘डेक’, जहाजाच्या पोटावरचं झाकण.

आणि संस्कृतात? ‘स्थग्’. ‘स्थगित’ म्हणजे मुळात झाकलेलं, मिटलेलं, बंद केलेलं. आज आपण परीक्षा स्थगित झाली म्हणतो, कोर्टाने स्थगिती दिली म्हणतो. म्हणजे सध्या त्यावर झाकण ठेवलंय, उघडू तेव्हा उघडू.

याच ‘स्थग्’ला कोशकार आणखी एक शब्द जोडतात : ‘स्थग’, म्हणजे लबाड, आपला हेतू झाकणारा. त्यावरून हिंदीतला ‘ठग’ आणि आपला ‘ठक’. ठकवणे, ठकास महाठक, सगळी तीच मंडळी.

म्हणजे कौल, टोगा, जहाजाचा डेक, रखडलेली परीक्षा आणि ठग, हे सगळे एका घरचे. घरचे हा शब्द मुद्दाम वापरला, कारण या कुळाचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात पसरलेला अर्थ घराचाच आहे. पाऊस लागू नये म्हणून वर काहीतरी घालणं. त्यात लबाडी कुठेच नाही.

नरक, हेल्मेट आणि पेशी

हे एकाच धातूचं असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण त्या पूर्वज भाषेत झाकण्यासाठी दुसराही एक धातू होता, ‘केल’. त्याची संतती आणखी मोठी आहे.

‘हेल’ म्हणजे नरक. हा शब्द मुळात आगीशी किंवा पापाशी जोडलेला नाही. त्याचा अर्थ झाकलेली जागा, जमिनीखाली मेलेली माणसं राहतात ती. उत्तर युरोपच्या पुराणकथांमध्ये तिथल्या राणीचंही नाव हेलच आहे. आग आणि शिक्षा नंतर, ख्रिस्ती धर्माबरोबर आली. त्याच धातूतून ‘हॉल’, म्हणजे वरून शाकारलेली मोठी खोली. ‘होल’ म्हणजे बीळ. ‘हेल्मेट’ म्हणजे डोकं झाकणारं. धान्यावरचं टरफल म्हणजे ‘हल’. लॅटिनमध्ये छोट्या खोलीला ‘केल्ला’ म्हणत, ते इंग्रजीत झालं ‘सेल’. १६६५ साली रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा काप पाहिला, त्यात त्याला खोल्या-खोल्या दिसल्या आणि त्याने त्यांना ‘सेल’ म्हटलं. तुरुंगातली कोठडीही सेल आणि आपल्या शरीरातली पेशीही सेलच.

निलगिरीचं झाड तुम्ही पाहिलं असेल. त्याचं शास्त्रीय नाव ‘युकॅलिप्टस’, ग्रीक शब्दांवरून बनवलेलं. अर्थ : नीट झाकलेलं. त्याच्या कळीवर टोपीसारखं झाकण असतं, फुलताना ते गळून पडतं. होमरच्या महाकाव्यात ओडिसिअसला सात वर्षं आपल्या बेटावर अडकवून ठेवणारी कॅलिप्सो, तिच्या नावाचा अर्थ झाकून ठेवणारी. आणि ‘अपोकॅलिप्स’, ज्याला आपण हॉलिवूडच्या कृपेने जगबुडी समजतो, त्याचा मूळ अर्थ फक्त झाकण काढणे एवढाच आहे.

‘स्काय’ची गोष्ट तर मला फार आवडली. इंग्रजीत हा शब्द उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आला. तिथे त्याचा अर्थ आभाळ नव्हता, ढग होता. झाकणारा तो ढग. इंग्लंडमध्ये ढग इतके कायमचे, की झाकणाचं नावच वरच्या सगळ्याला पडलं.

इथपर्यंतच्या शब्दांत एक गोष्ट सारखी दिसते. झाकलं जातंय ते काय? घर, डोकं, धान्य, मेलेली माणसं, फुलाची कळी. जे जपायचं ते. झाकणे आणि जपणे यांच्यात फारसं अंतर नव्हतं.

राजाचे शब्द

१०६६ साली फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. पुढची काही शतकं दरबारात आणि कोर्टात फ्रेंच चालली. शेतात आणि स्वयंपाकघरात इंग्रजी. १३६२ साली कायदा करून सांगावं लागलं की कोर्टातले युक्तिवाद इंग्रजीत करा, कारण लोकांना फ्रेंच कळत नाही. आपल्याकडे कनिष्ठ न्यायालयांत मराठी यावी म्हणून किती खटपट झाली ते आठवलं, की ही भानगड ओळखीची वाटेल.

या काळात झाकण्याच्या शब्दांमध्ये दोन थर पडले. ‘हाइड’ हा देशी शब्द. मुलं लपाछपी खेळतात ते ‘हाइड’. वरच्या थरात फ्रेंचमधून आले ‘कव्हर’ आणि ‘कन्सील’. डोळ्यांखालची काळी वर्तुळं झाकायला लावतात तो कन्सीलर त्यातलाच, पण त्याआधी शेकडो वर्षं हा शब्द कोर्टात वावरला. इथल्या इंग्रज सरकारने १८६० साली केलेल्या दंड संहितेतही तो आहे : गंभीर गुन्ह्याचा बेत लपवणं हा स्वतंत्र गुन्हा, आणि तिथला शब्द ‘कन्सील’. मूल लपलं तर ‘हाइड’, आरोपीने लपवलं तर ‘कन्सील’. कृती तीच. वरच्या भाषेतला शब्द आला की तिला कलम लागतं.

‘कर्फ्यू’ घ्या. २०२० मध्ये आपण सगळ्यांनी तो अनुभवला. फ्रेंचमध्ये ते होतं ‘कूव्र-फ’, म्हणजे आग झाका. मध्ययुगात युरोपातली घरं लाकडाची आणि गवताने शाकारलेली असत. रात्री चूल धगधगत राहिली तर अख्खं गाव जळायचं. म्हणून संध्याकाळी घंटा वाजायची आणि लोक चुलीतले निखारे राखेखाली झाकायचे. आपल्याकडेही बायका रात्री विस्तव राखेखाली पुरून ठेवत, सकाळी फुंकर मारली की चूल पेटायची. त्या घंटेनंतर मग बाहेर फिरायचं नाही, असा नियम झाला. पुढे आग राहिली बाजूला, फिरणाऱ्यालाच पकडायला लागले. विस्तव जपायचा शब्द माणसं कोंडायचा शब्द झाला.

‘डिस्कव्हर’चंही तसंच. कव्हर काढणे, एवढाच त्याचा अर्थ. वास्को द गामाने भारताकडे जाणारा सागरी मार्ग ‘डिस्कव्हर’ केला असं शाळेत शिकवतात. पण झाकण होतं कुणासाठी? पूर्व आफ्रिकेपासून पुढचं समुद्र ओलांडणं त्याला त्या पाण्याची सवय असलेल्या वाटाड्याने करून दिलं. त्या वाटाड्यासाठी मार्ग उघडाच होता.

आणि ‘हँडकरचीफ’. फ्रेंचमध्ये ‘कूव्र-शेफ’ म्हणजे डोकं झाकणारा फडका. इंग्रजीत त्याचं ‘करचीफ’ झालं. मग तो डोक्यावरून हातात आला म्हणून ‘हँड-करचीफ’. खिशात गेला तेव्हा ‘पॉकेट हँडकरचीफ’, म्हणजे शब्दशः खिशातला हातातला डोकं झाकायचा फडका. आपण त्याला रुमाल म्हणतो. तो फारसी : ‘रू’ म्हणजे चेहरा, ‘माल’ म्हणजे पुसणारा.

रुमालापाशी आलो की गोष्ट भारतात येते, कारण इंग्रजांनी ठगाच्या हातात दिलेलं हत्यार रुमालच होतं.

झाकणारा आणि उघडणारा

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मध्य भारतात वाटसरूंच्या तांड्यात मिसळणाऱ्या, विश्वास संपादन करून रुमालाने किंवा शेल्याने गळा आवळणाऱ्या आणि प्रेतं पुरून टाकणाऱ्या टोळ्यांबद्दल कंपनी सरकारच्या कागदपत्रांत नोंदी येऊ लागल्या. विल्यम स्लीमन हा लष्करी अधिकारी या कामामागे लागला. जबलपूर हे त्याचं ठाणं. १८३५ साली ठगी निर्मूलनाची सगळी सूत्रं त्याच्याकडे आली. १८३६ साली कलकत्त्याहून त्याने ठगांच्या गुप्त बोलीचा कोशच छापला. बोलीचं नाव रामसी, म्हणून पुस्तकाचं नाव ‘रामसीआना’.

खून झाले होते, प्रेतं सापडली होती. हे खोटं नाही, आणि मारल्या गेलेल्या वाटसरूंचं दुःखही खोटं नाही. पण ठगी हा कालीच्या नावाने देशभर पसरलेला, पिढीजात, एकसंध पंथ होता, हे चित्र बरंचसं अधिकाऱ्यांनी रंगवलं, असं अनेक इतिहासकार म्हणतात. किम वॅग्नर यांनी २००७ साली यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांच्या मते ठग खरे होते, पण ते त्या काळातल्या दरोडेखोरीचाच एक प्रकार होते. जमीनदारांचा आश्रय, बेकारी आणि गरज यांतून आलेले.

मला यात शब्दांमुळे एक गोष्ट दिसली. स्लीमनच्या मांडणीत लपवणं हाच पुरावा होता. ठग दिवसा शेतकरी, व्यापारी, शिपाई म्हणून वावरतो. म्हणजे जो सज्जन दिसतो तो आणखी संशयास्पद. त्याची वेगळी बोली आहे, म्हणजे तो गुन्हेगार. आता आपल्याकडच्या बैलबाजारात जाऊन बघा. दलाल आणि गिऱ्हाईक टॉवेलखाली हात घालतात, बोटं दाबून भाव ठरतो, शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. अनेक धंद्यांना आपापल्या गुप्त बोली होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणणारी माणसं आपण. झाकणं म्हणजे गुन्हा धरला तर अर्धा बाजार आत जाईल.

१८३६ साली कायदा आला, त्या वर्षीचा तिसावा. त्यात तरतूद अशी : एखादा माणूस ठगांच्या टोळीत कधीही होता, कायदा होण्याआधी किंवा नंतर, कंपनीच्या हद्दीत किंवा बाहेर, एवढं सिद्ध झालं तर जन्मभर सक्तमजुरी. त्याने कुणाला मारलं हे सिद्ध करण्याची गरज नाही. तो त्यांच्यातला होता, एवढं पुरे. आणि हे सिद्ध करायचे ते मुख्यतः माफीचे साक्षीदार, म्हणजे स्वतःला वाचवण्यासाठी इतरांची नावं सांगणारे ठग. त्यांना जबलपूरला बंदोबस्तात ठेवलं आणि पुढे तिथे उद्योगशाळा काढून कामाला लावलं. त्यांच्या हातून काय विणून, शिवून घेतलं? गालिचे आणि तंबू. ठगांनी लोकांची छपरं शिवली.

१८३९ साली फिलिप मेडोज टेलरची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लंडनमध्ये गाजली. टेलर निजामाच्या चाकरीत होता. पुढे आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्गलाही त्याने कारभार पाहिला. त्या कादंबरीने ‘थग’ शब्द इंग्लंडच्या दिवाणखान्यात नेला.

तीनच वर्षांनी, १८४२ साली, लंडनच्या पोलीस दलात गुन्हे शोधणारी वेगळी शाखा निघाली : ‘डिटेक्टिव्ह’. हा शब्द लॅटिन ‘दे-तेगेरे’वरून, म्हणजे झाकण काढणे, छप्पर उचकटणे. ‘तेगेरे’ आठवतंय ना? कौलाचं, टोग्याचं कूळ. कोशकारांचं ऐकलं तर ठगाचंही तेच. ज्याला पकडायचं आणि जो पकडणार, दोघं चुलतभाऊ.

तिसरा भाऊ ‘प्रोटेक्ट’, म्हणजे पुढ्यात आच्छादन धरणे. कंपनी सरकार भारतीय संस्थानांशी तह करायचं तेव्हा त्यात हाच शब्द असायचा : तुम्ही आमच्या ‘प्रोटेक्शन’खाली. संस्थान हळूहळू त्या आच्छादनाखाली नाहीसं होई.

सरकारने झाकलं तर ‘प्रोटेक्ट’. सरकारने उघडलं तर ‘डिटेक्ट’. वाटेवरच्या माणसाने झाकलं तर ‘थग’. एकाच धातूची तीन रूपं, आणि कुणाला कुठलं रूप मिळणार हे शब्दकोशात ठरत नव्हतं.

शाकारणारे

ठगांच्या कायद्यात जी कल्पना रुजली, म्हणजे माणसाने काय केलं यापेक्षा तो कुणातला आहे यावर शिक्षा, ती तिथेच थांबली नाही. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. विणकराचा मुलगा विणकर होतो तसा चोराचा मुलगा चोर होणार, हा त्यामागचा तर्क. अख्ख्या जमातीच सरकारी वहीत गुन्हेगार म्हणून नोंदल्या गेल्या. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. १९११ सालच्या नव्या कायद्याने तो सगळ्या ब्रिटिश भारतासाठी खुला झाला. सोलापुरात तर काटेरी तारांच्या आत अशा लोकांची वसाहत होती. तिचं नाव ‘सेटलमेंट’.

ही माणसं कोण होती? बरीचशी भटकी. घर नसलेली, पाल ठोकून राहणारी, आज इथे तर उद्या तिथे. ज्यांना छप्पर नाही त्यांच्यावर आरोप मात्र लपण्याचा आणि लपवण्याचा.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. यादीतल्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. महाराष्ट्र सरकारच्या विमुक्त जातींच्या यादीत चौदा नावं आहेत. बेरड, कैकाडी, कंजारभाट, रामोशी, वडार अशी. त्या यादीत एक नाव मी याआधीही वाचलं असेन, पण त्या रात्री पहिल्यांदा थबकले.

छप्परबंद.

नावातच धंदा आहे. छप्पर बांधणारे, घरं शाकारणारे. पावसाळ्याच्या तोंडावर गवत, वेळू आणून दुसऱ्याच्या डोक्यावर आसरा करून देणारे. इंग्रजांच्या पोलिसी पुस्तकांत त्यांच्यावर खोटी नाणी पाडण्याचा ठपका आला आणि सगळी जमात गुन्हेगारांत गेली. ‘थॅच’ करणाऱ्यांना ‘थग’च्या रांगेत बसवलं. शब्दांच्या कुळात जे दोन चुलतभाऊ हजारो वर्षांपूर्वी वेगळे झाले होते, त्यांना सरकारी वहीने पुन्हा एका ओळीत आणलं.

आणि मग मला ती कमेंट आठवली. ‘एक नंबर छपरी’.

केस रंगवलेला, भडक शर्ट घातलेला, स्वस्तातल्या बाईकवर रील करणारा पोरगा दिसला की आपण सहज ‘छपरी’ म्हणतो. मीही म्हटलंय. या शब्दाची नाळ छप्परबंदांशी जोडली जाते आणि म्हणून तो वापरू नका, असं गेली काही वर्षं समाजमाध्यमांवर अनेक जण सांगत आहेत. कुणी म्हणेल, आम्हाला ती जमात माहीतही नाही, आम्ही फक्त टपोरी या अर्थाने म्हणतो. खरं आहे. पण नाळ बाजूला ठेवली तरी शिवी काय सांगते? ज्याच्या घरावर स्लॅब नाही, छप्पर आहे, तो. टोमणा मारायला आपण त्याचं घरच पकडलेलं असतं.

लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ साली आलं, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जमातीला चिकटवलेलं नाव त्यांनी झाकलं नाही, पुस्तकाच्या कव्हरवर छापलं. झाकण काढण्याचा हा वेगळा प्रकार. इथे छप्पर दुसऱ्याने उचकटलेलं नाही, घरातल्या माणसाने आतून दार उघडलंय.

गॉगलच्या मागे

मग भाच्याच्या प्रश्नाचं काय? त्या पोराने कुणाला फसवलं?

इंग्लंड-अमेरिकेत ‘थग’मधलं फसवणं हळूहळू गळून गेलं. उरला फक्त दांडगटपणा. आपला ठग गोड बोलून गळा कापतो, त्यांचा थग रस्त्यात उभा राहून दमदाटी करतो. झाकण्याच्या धातूतून आलेल्या शब्दात झाकण्याचा अर्थच उरला नाही. पुढे अमेरिकेत तो शब्द कृष्णवर्णीय तरुणांना चिकटवला जाऊ लागला. १९९०च्या दशकात टुपाक शकूर या रॅपरने तोच शब्द उचलून पोटावर गोंदवून घेतला : ‘थग लाइफ’. तुम्ही ज्याला हिणवता, तो मी, आणि शून्यातून वर आलोय. रीलमधला तो गॉगल आणि तो तोरा या शब्दाला तिथून मिळाला.

२०१५ साली बाल्टिमोर शहरात फ्रेडी ग्रे हा कृष्णवर्णीय तरुण पोलीस कोठडीत जखमी होऊन मेला. दंगल उसळली. अध्यक्ष ओबामांसह अनेक नेत्यांनी जाळपोळ करणाऱ्यांना ‘थग’ म्हटलं आणि त्यावर मोठा वाद झाला. टीकाकारांचं म्हणणं असं, की हा शब्द आता वर्णाची शिवी झाकायचं कव्हर झालाय. तोंडाने उच्चारायची लाज वाटते ते या शब्दाखाली ठेवता येतं. म्हणजे शब्दाच्या अर्थातून झाकणं गेलं, आणि शब्द स्वतःच झाकण झाला. ‘छपरी’ही आपल्यासाठी तेच काम करतो. जात आणि गरिबी तोंडाने न उच्चारता तिच्यावर हसायची सोय.

भाषांतर करताना मी एक मराठी वाक्प्रचार नेहमी जपून वापरते : ‘पांघरूण घालणे’. इंग्रजीत ‘कव्हर-अप’ म्हटलं की घोटाळा आठवतो, वॉटरगेट आठवतं. आपल्याकडेही नेत्याच्या चुकांवर पांघरूण घातलं जातं. पण झोपलेल्या पोराच्या अंगावर रात्री उठून घालतात तेही पांघरूणच. इंग्रजीतही हे अगदी हरवलेलं नाही. ‘पॅलिएटिव्ह’ उपचार म्हणतात, आजार बरा होणार नसतो तेव्हा निदान वेदना कमी करण्यासाठी केलेले. तो शब्द लॅटिन ‘पॅलियम’वरून आलाय. अर्थ : अंगावर घ्यायचं पांघरूण.

शब्दांना दोन्ही बाजू पहिल्यापासून आहेत. कुणाचं झाकणं पांघरूण म्हणायचं आणि कुणाचं ठगी, हे मात्र आपण ठरवतो, दर वेळी, कमेंट टाकतानाही.

गेल्या रविवारी भाचा जेवायला आला होता. त्याला हे सगळं सांगितलं. डायनोसॉर त्याला आवडला. ठगांनी तंबू शिवले हे ऐकून हसला. छप्परबंदांचं सांगितल्यावर थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आमच्या वर्गात एकाला सगळे छपरी म्हणतात. त्याचं घर पत्र्याचं आहे."

"तू म्हणतोस?" मी विचारलं.

त्याने फोन पालथा करून ठेवला आणि ताट पुढे ओढलं. मी पुन्हा विचारलं नाही. आमटी वाढली.